बारापेडेचा पत्ता

बेळगावच्या दक्षिणेला खानापूर तालुका आहे. त्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर भीमगडाचं रान पसरलंय. गोव्याची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर, आणि महाराष्ट्राचीही फार लांब नाही. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. याच रानातलं पाणी घेऊन म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात तिची मांडवी होते. या रानात तळेवाडी नावाचं लहानसं गाव आहे आणि गावाजवळ बारापेडेची गुहा. भीमगड किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, म्हणून आमच्या मुलांना तो ठाऊक असतो. गुहेचं नाव घेतलं की वर्ग गप्प होतो. पण लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कमध्ये जे लोक वटवाघळांचा अभ्यास करतात, त्यांना आमच्या तालुक्यातलं एकच नाव माहीत असतं आणि ते म्हणजे बारापेडे.

मी याच भागातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. वटवाघळांचा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवायची आणि या गुहेपासून सुरुवात करायची. हा लेखही तसाच लिहिते आहे. मुलांसाठी आहे, मोठ्यांनीही वाचावा.

सन 1883 मध्ये मुंबईत आठ माणसांनी मिळून निसर्गाचा अभ्यास करणारी एक संस्था काढली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन असे दोन मराठी डॉक्टर होते. हे नेहमी सांगायला हवं, कारण अशा संस्था फक्त साहेबांनी काढल्या असं आपण उगीच धरून चालतो. पुढे 1911 मध्ये या सोसायटीने एक मोठं काम हाती घेतलं. हिंदुस्थानातले सगळे सस्तन प्राणी, म्हणजे आईचं दूध पिऊन वाढणारे सगळे प्राणी, कुठे कुठे राहतात याची जिल्हावार पाहणी करायची. तोवर वाघ, हत्ती, सांबर यांची भरपूर माहिती होती, कारण शिकारी त्यांच्याच मागे असत. उंदीर, चिचुंद्री, खार, वटवाघूळ यांची विचारपूस कोणी केली नव्हती. पहिला मुक्काम खानदेशात पडला. मग वऱ्हाड, आणि होता होता पाहणी करणारी माणसं धारवाड-कारवारकडच्या जंगलांत पोहोचली.

त्यांचं रोजचं काम कसं चालायचं, ते ऐका. मिळालेला प्राणी त्याच दिवशी सोलायचा, कातड्याला आतून विषारी औषध चोळायचं, कापूस भरून शिवायचं. कवटी वेगळी स्वच्छ करून ठेवायची. मग पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, नर की मादी, शरीराची, शेपटीची आणि कानाची लांबी. माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचं, “बाई, मारून कशाला अभ्यास?” प्रश्न योग्य आहे. तेव्हा दुसरी वाट नव्हती. आज जाळीत धरून, मोजून, आवाज नोंदवून पुन्हा सोडता येतं. पण त्या चिठ्ठ्या नसत्या, तर शंभर वर्षांपूर्वी कोण कुठे राहत होतं हे आज कळलंच नसतं. चिठ्ठीवरची सगळ्यांत मोलाची ओळ म्हणजे पत्ता.

बारापेडेच्या गुहेतून 1912 च्या सुमारास असंच एक वटवाघूळ या लोकांच्या हाती आलं. ते लंडनच्या म्युझियममध्ये गेलं. तिथे ओल्डफील्ड थॉमस नावाचे प्राणितज्ज्ञ होते. त्यांनी पाहिलं, आणि असं वटवाघूळ यापूर्वी कोणी नोंदवलेलंच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन मुंबईच्या सोसायटीच्याच नियतकालिकात छापलं. नाव दिलं रॉटन यांचं. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. मुंग्यांचा त्यांना मोठा नाद. ही सगळी पाहणी सुरू व्हावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ते पुढे होते. निवृत्तीनंतर लंडनला बसून हिंदुस्थानातून आलेली एकेक कातडी ते तपासत. शास्त्रीय पुस्तकांत आमच्या वटवाघळाचं नाव ‘ओटोमॉप्स रॉटनी’ असं लिहितात.

सोसायटीतला एक तरुण, स्टॅन्ले प्रेटर, याने पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, तळेवाडीच्या या वटवाघळांवर टिपण लिहिलं. हे प्रेटर पुढे सोसायटीचे क्युरेटर झाले. भारतातल्या प्राण्यांवरचं त्यांचं 1948 चं पुस्तक अजून लोक वाचतात. भारताची घटना तयार करणाऱ्या घटना समितीतही ते होते, अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून. तळेवाडीच्या गुहेशी नातं असलेला माणूस घटना समितीत बसला होता, हे सांगितलं की आमची मुलं ताठ बसतात.

आता हे वटवाघूळ दिसतं कसं? अंगावर चकचकीत गडद तपकिरी लव. मानेवर फिकट राखाडी पट्टा. पंखाचा पडदा जिथे अंगाला चिकटतो, तिथे दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ. शेपटी पडद्याच्या बाहेर मोकळी आलेली. बहुतेक छोट्या वटवाघळांची शेपटी पडद्यात गुरफटलेली असते, याची नाही. पंख लांब आणि अरुंद, म्हणजे हे झाडांच्या फांद्यांतून गिरक्या घेत बसणारं नाही, उंच मोकळ्यावर वेगाने उडणारं आहे. आणि कान! दोन्ही कान कपाळावर एकत्र आलेले, पुढे झुकून नाकाच्या शेंड्यापर्यंत पोहोचलेले. समोरून पाहिलं तर चेहऱ्याआधी कानच दिसतात.

थॉमसनी हे कान नीट मोजले, लिहून ठेवले. पण एवढे मोठे कान कशासाठी, हे 1913 साली त्यांना सांगता आलं नसतं. त्या वेळी जगात कोणालाच सांगता आलं नसतं. हा भाग मला या सगळ्या इतिहासात फार आवडतो, म्हणून इथे थोडी थांबते.

इटलीत पाव्हिया गावी स्पालान्झानी नावाचे पाद्री होते. विद्यापीठात प्राध्यापकही होते. साठी उलटलेली असताना, 1793 मध्ये, त्यांनी पाहिलं की खोलीतली मेणबत्ती विझली की पाळलेलं घुबड भिंतीवर आपटतं, वटवाघूळ मात्र खुशाल उडत राहतं. त्यांनी छतापासून बारीक दोरे सोडले, त्यांना घुंगरं बांधली आणि अंधारात वटवाघूळ सोडलं. घुंगरू क्वचितच वाजायचं. डोळे निकामी केलेली वटवाघळंही सुखरूप उडाली. ती बाहेर सोडली, काही दिवसांनी परत पकडली, पोट तपासलं, तर ते किड्यांनी भरलेलं. म्हणजे डोळ्यांवाचून शिकारही जमली होती. हे प्रयोग क्रूर होते. आज तसे कोणी करत नाही, करू देतही नाही. जिनिव्हाच्या ज्युरिन नावाच्या डॉक्टरांनी मग वेगळंच करून पाहिलं. त्यांनी वटवाघळाच्या कानात मेण भरलं आणि ते धडाधड आपटू लागलं. स्पालान्झानींना आधी पटेना. त्यांनी स्वतः पितळेच्या इवल्या नळ्या करून वटवाघळांच्या कानात बसवल्या. नळी उघडी असली की उडणं ठीक, नळी बंद केली की धडपड. तेव्हा त्यांनी मान्य केलं की वटवाघूळ कानांच्या भरवशावर वाट काढतं.

पण ऐकतं काय? माणसाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. लोकांनी चेष्टा केली. फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पंखांच्या स्पर्शाने वाट कळत असावी असं सांगितलं आणि जगाने तेच धरलं. सव्वाशेहून अधिक वर्षं कानांची गोष्ट मागे पडली. मग 1938 मध्ये अमेरिकेत हार्वर्डला डोनाल्ड ग्रिफिन नावाचा एक विद्यार्थी पिंजऱ्यात वटवाघळं घेऊन प्रा. पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज पकडणारं यंत्र पिअर्सनी बनवलं होतं. पिंजरा यंत्रासमोर धरताच यंत्र कडकडू लागलं. शांत समजली जाणारी खोली वटवाघळांच्या आवाजाने भरलेली होती! ग्रिफिन आणि त्याचा सोबती गॅलम्बोस यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केलं की वटवाघूळ तोंडाने आवाज सोडतं, समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी कानांनी टिपतं, आणि त्यावरून तार कुठे आहे, भिंत किती लांब आहे, पतंग कोणत्या बाजूला वळला हे ओळखतं. तोंड बांधलं तरी आपटतं, कान बंद केले तरी आपटतं.

म्हणजे बारापेडेच्या त्या कानांचा अर्थ पंचवीस वर्षांनी लागला. आणखी एक गंमत आहे, ती खास तुमच्यासाठी. बहुतेक छोट्या वटवाघळांचे आवाज माणसाच्या कानापलीकडचे असतात. पण आमचं ओटोमॉप्स मोकळ्या आभाळात लांबवरचे किडे शोधतं, आणि लांब पोहोचायला खालच्या पट्टीचा आवाज बरा पडतो. म्हणून त्याची हाक माणसाच्या ऐकण्याच्या कक्षेत येते. वय वाढलं की माणसाचे कान वरचे स्वर ऐकेनासे होतात. तेव्हा माझ्यासारखीला जे ऐकू येणार नाही, ते पाचवीतल्या मुलीला येईल.

सगळी वटवाघळं प्रतिध्वनीवर जगत नाहीत, हेही सांगते. वडा-चिंचेवर दिवसा लटकलेली मोठी फळवाघळं डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने फळाचा वास घेतात. त्यांचे दोन्ही पंख उघडले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त भरतात. गुहेत राहणारं एक मध्यम फळवाघूळ आहे, राउसेटस नावाचं. ते जिभेने टकटक करून अंधारात वाट काढतं. जगात वटवाघळांच्या 1,400 हून अधिक जाती आहेत. भारतात सव्वाशेच्या वर. सस्तन प्राण्यांच्या साधारण पाचांतली एक जात वटवाघळाची. खरं उडणारा सस्तन प्राणी हा एकच. त्याचा पंख म्हणजे त्याचा हात. आपल्यासारखीच पाच बोटं, त्यांतली चार खूप लांब झालेली आणि मधे कातडीचा पातळ पडदा. अंगठा मोकळा, त्याला नखी. उलटं लटकताना त्याला जोर लावावा लागत नाही. अंगाच्या भाराने पायातली शीर ताणली जाते आणि नखं आपोआप आवळतात, म्हणून झोपेत तर ते पडत नाहीच, मेलं तरी कधी कधी तसंच लटकून राहतं.

आता परत गुहांकडे. आपला दख्खन काळ्या बसाल्ट खडकाचा. या खडकात निसर्गाने केलेल्या मोठ्या गुहा फारशा नसतात. मग इथल्या गुहावासी वटवाघळांनी राहायचं कुठे? मला वाटतं, त्यांचं भाग्य माणसांनी उघडलं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ इथे माणसांनी डोंगर पोखरून शेकडो लेणी केली. एकट्या कान्हेरीला शंभराहून जास्त आहेत. त्यांतली बहुतेक भिक्खूंसाठी होती. भिक्खू गेले, राजे गेले, वाटा बुजल्या, आणि या थंड, ओलसर, काळोख्या खोल्यांत वटवाघळं येऊन राहिली. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी 1819 मध्ये शिकारीला म्हणून वाघूर नदीच्या वळणावर आला आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला, तेव्हा कित्येक शतकं ती जागा वटवाघळांची होती. देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी नावाचा भुयारी रस्ता आहे. शत्रूला चकवायला खोदलेला. तिथे टेंभा पेटवला की वर हलणारं काळं छत दिसतं आणि लिदीचा उग्र वास नाकात बसतो.

अजिंठ्याच्या चित्रांचं या लिदीने आणि मुताने मोठं नुकसान केलं. रंग खरवडले गेले, काळवंडले. चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी तिथे बसून वर्षानुवर्षं काम केलं, 1844 पासून रॉबर्ट गिल यांनी आणि 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन. त्यांच्या डोक्यावर हे भाडेकरू होतेच. तिथून वटवाघळांना हुसकणं मला बरोबर वाटतं, कारण ती चित्रं पुन्हा होणार नाहीत. मात्र प्रत्येक लेण्याला, प्रत्येक पडक्या दालनाला जाळी ठोकून ‘स्वच्छता’ करायची पद्धत मला मंजूर नाही. जिथे चित्र नाही, कोरीव काम नाही, माणसांची ये-जा नाही, तिथे त्यांना राहू द्यावं. हे मी का म्हणते ते कळायला नागपूरला जावं लागेल.

नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात, पुढे त्याची विज्ञान संस्था झाली, प्राणिशास्त्राच्या लोकांनी वटवाघळांच्या बाळंतपणाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या केला. प्रा. मोघे यांनी मोठ्या फळवाघळाच्या पोटात गर्भ कसा वाढतो यावर 1951 मध्ये लंडनच्या नियतकालिकात लिहिलं. प्रा. गोपालकृष्ण यांनी तर आयुष्य याच कामाला दिलं. दर महिन्याला त्याच वस्तीवर जायचं, माद्यांची अवस्था नोंदवायची आणि वर्षाचं कॅलेंडर भरायचं. यातून कळलं की एकेका जातीचा हिशोब वेगळा आहे. गुहेतलं राउसेटस वर्षातून दोनदा विते. एक लांब हातांचं वटवाघूळ बारा महिने केव्हाही विते. पण बहुतेक किडेखाऊ वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होतं, फार तर दोन, आणि तेही ठरलेल्या दिवसांत, पिल्लू दूध तोडेल तेव्हा पावसाळी किड्यांची चंगळ असेल अशा बेताने. परदेशात या विषयावर लिहिणाऱ्यांना नागपूरचे हे लेख वाचावेच लागतात.

एकच पिल्लू, आणि तेही भलं मोठं. जन्मतः आईच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकं असू शकतं. जन्मल्याबरोबर आईला नखांनी आणि वाकड्या दुधाच्या दातांनी धरतं. मोठं झालं की आई त्याला इतर पिल्लांच्या गर्दीत टांगून शिकारीला जाते आणि परत आल्यावर शेकडो पिल्लांतून आपलं तेवढं आवाजाने आणि वासाने ओळखते. उंदीर दोन वर्षं जगतो आणि तेवढ्यात पोरांची रांग लावतो. वटवाघूळ त्याच वजनाचं असून वर्षानुवर्षं जगतं. सायबेरियात सात ग्रॅमच्या आसपास वजनाचं एक वटवाघूळ खूण केल्यानंतर 41 वर्षांनी पुन्हा सापडलं होतं. जगायचं भरपूर आणि वाढवायचं एकेक पिल्लू, अशी त्यांची रीत. म्हणून एका वस्तीतल्या दोनशे माद्या मेल्या तर उंदरांसारखी ती वर्षात भरून येत नाही, कधी कधी माणसाच्या एका पिढीतही भरून येत नाही.

आंद्रे ब्रोसे नावाचे फ्रेंच प्राणितज्ज्ञ 1960 च्या आसपास आपल्याकडे आले. वेरूळ, अजिंठा, घारापुरी, कान्हेरी असे सगळे डोंगर त्यांनी पालथे घातले. बारापेडेलाही गेले. पश्चिम आणि मध्य भारतातल्या वटवाघळांवरची त्यांची लेखमाला 1962-63 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आली, आणि अभ्यासक अजून तीच हाताशी घेऊन काम करतात. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये लांबपंखी वटवाघळांची बाळंतपणाची वस्ती असते, हे त्यांनी दाखवलं. वर्षभर या माद्या लांबलांबच्या गुहांत विखुरलेल्या असतात. दिवस भरत आले की सगळ्या एकाच गुहेत जमतात, तिथेच वितात, पिल्लं उडायला लागली की पांगतात. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते ना, तसंच. आता विचार करा, पन्नास गुहा सुरक्षित ठेवल्या आणि नेमकी माहेरची गुहा बंद केली तर? बाहेरून सगळं ठीक दिसेल. पिल्लं मात्र होणार नाहीत.

गुहा नसेल तर घर बांधणारंही एक वटवाघूळ आहे, आणि त्याचा उत्तम अभ्यास पुण्यात झाला. छोट्या नाकाचं फळवाघूळ, आपल्या पेरूवर, केळीवर रात्री येतं ते. त्याचा नर भेरली माडाच्या लोंबत्या फुलोऱ्यातले मधले देठ दातांनी कुरतडून काढतो, आत पोकळी करतो आणि तिथे राहतो. माद्या येऊन पाहतात आणि घर पसंत पडलं तर राहतात. अमेरिकन अभ्यासक जे स्टॉर्झ आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या भट यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हे काम केलं. शहरातला एक माड तोडला की एक अख्खं कुटुंब बेघर होतं, हे त्यातून मला कळलं.

पत्त्याची आणखी एक गोष्ट मुंबईतली आहे. तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन नावाचे मळेवाले होते. त्यांनी 1948 मध्ये एक फळवाघूळ सोसायटीकडे पाठवलं. ते नेहमीच्याच छोट्या नाकाच्या जातीचं समजून त्याला तशी चिठ्ठी बांधली गेली आणि ते खणात गेलं. पुढे थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या हे खण तपासायला बसले. दात पाहताच त्यांना वेगळेपण कळलं. जात तर नवी होतीच, तिचा वंशही (जीनस) नवा निघाला. त्यांनी 1972 मध्ये तिला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव दिलं. चोवीस वर्षं ते वटवाघूळ चुकीच्या नावाने पडून होतं, पण चिठ्ठीवर पत्ता बरोबर होता, म्हणून पुढे लोकांना त्याच डोंगरात जाऊन ते जिवंत शोधता आलं. कित्ती लवकर वारले. जगातलं सगळ्यांत लहान वटवाघूळ, जेमतेम दोन ग्रॅमचं, त्यांनीच शोधलं होतं. त्याला आता त्यांचं नाव आहे.

बारापेडेचं ओटोमॉप्स मात्र दशकानुदशकं त्या एकाच पत्त्यावर माहीत होतं. सगळ्या जगात एक गुहा, आणि तिच्यातली वस्तीही लहान. मग 2000 साली कंबोडियात एक मिळालं. त्याच सुमारास मेघालयाच्या गुहांतही ते आहे असं कळलं. मनावरचं ओझं थोडं हलकं झालं. तरी इथून मेघालय किती लांब ते नकाशात बघा. आपल्या बाजूची वस्ती संपली तर तिथलं वटवाघूळ उडून इथे राहायला येणार नाही. भीमगडाचं सुमारे 190 चौरस किलोमीटर रान 2011 मध्ये अभयारण्य झालं, त्यामागे या गुहेचंही वजन होतं.

कायद्याने मात्र वटवाघळांना फार वर्षं वाईट वागवलं. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 मध्ये झाला. त्यात फळवाघळांना उंदीर, कावळे यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून बसवलं होतं. मारलं तरी गुन्हा नाही. सलीम अलींचं वटवाघूळ आणि आमचं ओटोमॉप्स यांना पुढे वाघाच्या पंक्तीला घेतलं, बाकी फळवाघळं तशीच राहिली. दम्यावर, सांधेदुखीवर त्यांची चरबी चालते या समजुतीने कितीतरी मारली गेली. त्या चरबीने दमा बरा होत नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगायची. उपद्रवी प्राण्यांची ती यादीच 2022 च्या दुरुस्तीने गेली. पन्नास वर्षं लागली.

आणि आजाराचं काय, हे पालक विचारतात. विचारायलाच हवं. पुण्याच्या विषाणू संस्थेने 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुढच्या वर्षी जाहीर केलं. म्हणून नियम पाळायचे. वटवाघळाला हात लावायचा नाही, जमिनीवर पडलेलं असलं तरी नाही. मोठ्या माणसाला बोलवायचं. त्याने कुरतडलेलं फळ खायचं नाही. गुहेत शिरायचं नाही. हे नियम त्यांच्याही सोयीचे आहेत, कारण गुहेत गोंगाट झाला की आयांची घाबरगुंडी होते आणि पिल्लं खाली पडतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जवळच्या एका गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडपाच्या माळ्यावर किडेखाऊ वटवाघळांची जुनी वस्ती होती. कमिटीने धूर करून माळा मोकळा करायचं ठरवलं होतं. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. जमिनीवर पडलेले पतंगांचे पंख ओंजळीत घेऊन दाखवले; एवढे किडे शेतावरून रोज उचलले जातात म्हटलं. माळ्यावर बॅटरी मारली तेव्हा छातीला चिकटलेली पिल्लं सगळ्यांनी पाहिली. अध्यक्ष म्हणाले, “बाई, देवळात घाण नको, एवढंच आमचं म्हणणं.” तेही खरंच आहे. शेवटी असं ठरलं की खालच्या मजल्याचं काम आत्ता करायचं, माळ्याला पावसाळ्यात हात लावायचा नाही. दिवाळीनंतर, पिल्लं उडती झाली की, फटींवर वरून जाळी सोडायची, खालचं टोक मोकळं ठेवून, म्हणजे बाहेर पडता येतं पण परत आत शिरता येत नाही. आठवडाभर थांबून मग गिलावा. आणि मागच्या धर्मशाळेच्या कौलांखालची उत्तरेकडची फट उघडीच ठेवायची, कारण ती तिथे जातील ही शक्यता मोठी. कमिटीच्या वहीत तसा ठराव लिहिला, खाली सह्या झाल्या, आणि मुलांनी धर्मशाळेच्या त्या फटीची उंची-रुंदी मोजून आपल्या वहीत उतरवून घेतली, तारखेसकट.